चाळीस हातांची खांड

आमच्या कचेरीतला फोन वाजला की मी टेबलाखाली पडलेलं काहीतरी शोधायला लागायची. भाऊंना ते पहिल्या आठवड्यातच कळलं. त्यांनी फोन आपल्या बाजूला सरकवून घेतला आणि त्यानंतर तो कायम त्यांनीच उचलला. उचलून ‘हॅलो’ म्हणायचे नाहीत. “बोला, कुठं फुटलं?” म्हणायचे. बांध, दरड, छप्पर, काहीतरी फुटल्याशिवाय या खोलीत कोण कशाला फोन करेल, असं त्यांचं म्हणणं. एकदा घरून फोन आला, तरी तेच. पलीकडचा काकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, आवाज मला समोरच्या खुर्चीपर्यंत ऐकू आला. त्या म्हणाल्या, नशीब फुटलं माझं, ते राहू दे, येताना दूध आणा.

कचेरी सरकारी, पेणमधली. एवढं पुरे. आमच्या खोलीला आपत्ती कक्ष म्हणत. मी तिथं कंत्राटावर संगणकाचं काम करायची. भाऊ तिथले अव्वल कारकून. निवृत्तीला चार पावसाळे उरले होते. वर्षं ते मोजत नसत. सगळे त्यांना भाऊच म्हणत, साहेबसुद्धा, म्हणून मीही म्हणायला लागले, जरी ते माझ्या वडिलांपेक्षा मोठे होते.

माझं घर रोह्याकडे, खांब नावाच्या गावाच्या बाजूला, आतल्या गावात. भात आणि वालाची शेती, वडील धाटावच्या कंपनीत शिफ्टला. शाळा रोह्याची, इंग्रजी माध्यमाची. त्यामुळे मला मराठी बोलता यायचं, पण सरकारी मराठीसमोर मी पाहुण्यासारखी अवघडून बसायची. भाऊंनी माझी नोंद पहिल्याच दिवशी करून टाकली. “म्हणजे तुम्ही गोड्या पाण्याची माणसं,” ते म्हणाले. “आम्ही खाऱ्या.” ते खाडीकाठच्या गावातले. वडील मिठागरात काम करायचे, आणि भाऊ स्वतः शाळा सुटल्यावर मिठाच्या टोपल्या वाहिलेले.

घड्याळ त्यांच्या हातावर होतं, पण ते चालतंय की बंद आहे हे मी कधी पाहिलं नाही. त्यांचा दिवस भरतीवर चाले. साहेब कधी येतील, असं विचारलं तर “आता पानी चढायला लागलं की” असं उत्तर मिळे. भिंतीवर पंचांगाचं पान, आणि तोंडी हिशेब: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ, आमच्या आतल्या खाडीला वर अर्धा तास. चतुर्थी असेल तर तीन, म्हणजे साडेतीन. मला ही जादू वाटली होती. मग मी गुपचूप मोबाईलवर ताडून पाहिलं. थोडंफार इकडंतिकडं, पण बरोबर.

फाईलसुद्धा ते भरत्यांनी मोजत. एखादा कागद टेबलावर आठवडाभर पडून असला की त्यावर हात ठेवून म्हणत, “ह्याच्या अंगावरून चौदा भरत्या गेल्या.” दिवसाला दोन, आठवड्याला चौदा. शेजारच्या टेबलावरचे लोक हसायचे. कुणी रजेवरून परत आलं की विचारायचे, काय भाऊ, किती भरत्या झाल्या आम्हाला जाऊन? भाऊ गंभीरपणे बरोबर आकडा सांगायचे.

कपाटामागे त्यांचा बांबू उभा असे. त्यावर हाताहाताला लाल रंगाच्या खुणा. तो रंग हमरापूरच्या एका मूर्तीवाल्याकडून आणलेला, कारण पाण्यात उतरत नाही असा रंग तिथंच मिळतो, असं ते म्हणत. टेबलाच्या खालच्या खणात रबरी चपला. पावसाळ्यात पँटच्या आत हाफ पँट. मीटर, टेप वगैरे सगळं सरकारी सामान कपाटात होतं, पण भाऊ हातातच मोजायचे आणि त्याचे मीटर मी करायची. मी एकदा म्हटलं, टेप नेलात तर माझं काम वाचेल. ते म्हणाले, टेपला धरायला दोन माणसं लागतात, आणि खांडीच्या पलीकडच्या टोकाला जायला दुसरा माणूस तयार होत नाही.

खांड म्हणजे काय हे मला तेव्हा माहीत नव्हतं. खाडीकाठच्या भातशेतीला समुद्राच्या बाजूनं मातीचा मोठा बांध असतो. उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला, तो कुठंतरी फुटतो. ते भगदाड म्हणजे खांड. त्यातून खारं पाणी शेतात शिरतं. शिरलं आणि राहिलं, तर तीन वर्षं भात नाही. त्यातही वाईट म्हणजे, पाणी पुन्हापुन्हा येत राहिलं तर शेतात तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, रुजतात, आणि एकदा तिवरं रुजली की तिथं पुन्हा नांगर घालता येत नाही. खांडीचा दुसरा गुण असा की ती थांबत नाही. प्रत्येक भरतीला पाणी आत जातं, ओहोटीला बाहेर येतं, आणि दोन्ही वेळा कडेची माती घेऊन जातं. सकाळी दहा हात असलेली खांड दुसऱ्या दिवशी अठरा हात असते.

आता रेघेबद्दल सांगायला हवं.

मी नोकरीला लागण्याच्या आधी कधीतरी, दुसऱ्याच कुठल्या तालुक्यात, मदतीच्या कामात कुणीतरी हात मारला होता. त्यावर वरच्या कचेरीतून आदेश निघाला की ठरावीक रकमेपुढचा मदतीचा कोणताही खर्च मोठ्या साहेबांच्या स्वतःच्या सहीशिवाय करू नये. त्यांच्या हाताखालच्या कुणाचीही सही चालणार नाही. त्या रकमेला आमच्याकडे रेघ म्हणत. रेघेच्या आत असेल तर आमचे साहेब सही करत, त्याच दिवशी काम सुरू. रेघेबाहेर असेल तर फाईल वर. खांडीच्या भाषेत सांगायचं, तर पंधरा-सोळा हातांपर्यंतची खांड रेघेच्या आत बसायची.

मोठे साहेब वाईट नव्हते. त्यांच्या टेबलावर सगळ्या तालुक्यांच्या फाइली एकदम येत, आणि ते प्रत्येक वाचत. भाऊसुद्धा त्यांना कधी वाईट बोलले नाहीत. एवढंच म्हणायचे, “चोर रेघ बघून चोरतो गो. पानी रेघ बघत नाय.”

मी लागले त्याच्या आदल्या पावसाळ्यात एका खांडीला भाऊंनी जेवढी मोजली तेवढी लिहिली होती, दहा हात. सही लगेच झाली. पण गोण्या, बांबू, मजूर जमवून बांधावर पोहोचेपर्यंत खांड जवळजवळ दुप्पट झाली आणि सामान कमी पडलं. गावातल्या लोकांनी घरातल्या भाताच्या गोण्या रिकाम्या करून, पेंढा, मोडकी दारं असं मिळेल ते घालून ती कशीबशी बंद केली. भाऊंना ते फार लागलं. बांबू आजचं सांगतो, काम उद्या होतं, मग आजचा आकडा लिहिणं म्हणजे खोटं लिहिणं, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

आणि मी आले त्या वर्षी, दिव्यांच्या अवसेच्या उधाणाला, त्यांच्या स्वतःच्या गावाशेजारच्या गावात खांड पडली. बांबूनं भरली बारा हात.

त्या दिवशी मी त्यांच्यासमोर बसले होते. ते मोठ्यानं विचार करत होते. बारा लिहायचे नाहीत, उद्या वीस होईल. मग वीस लिहावे. पण वीस रेघेबाहेर जातात, म्हणजे फाईल वर जाणार. वर गेली की पाच-सहा दिवस. तोवर खांड वीसवर कशाला थांबेल? त्यांनी कागदावर भरत्या मांडल्या, उधाणाच्या वेगळ्या, मग ओसरत्या, आणि शेवटी लिहिलं: चाळीस हात. मला ते इतकं तर्कशुद्ध वाटलं की मी चाळीस हातांचे मीटर करून फॉर्ममध्ये टाकले आणि फाईल वर पाठवली.

अकरा भरत्यांनंतर सही आली. त्या दिवशी खांड भरली एक्केचाळीस हात.

सामान पुरलं. खांड दोन दिवसांत बंद झाली. तोवर बांधाच्या आतलं सगळं शिवार खारं झालं होतं. त्यात सगळ्यात खोलगट आणि बांधाला लागून असलेलं शेत एका म्हाताऱ्या बाईचं होतं. भाऊंची ती लांबची मावशी. एकटी राहायची, दोन माणसांना घेऊन स्वतः लावणी करायची. मुलगी लग्न होऊन पनवेलला गेलेली. ती चल म्हणायची आणि मावशी म्हणायची, भात झोडून झालं की येते, आणि दरवर्षी जायची नाही. काम संपल्यावर आम्ही बांधावर उभे होतो. मावशी भाऊंजवळ आली. त्यांच्या हातातल्या बांबूकडे पाहिलं.

“तुझा हिशेब अगदी बरोबर निघाला रे भाऊ,” ती म्हणाली.

 परतताना भाऊ गाडीत बांबूवरच्या लाल खुणा अंगठ्यानं घासत राहिले.  मी तर नेहमीच कमी बोलते.

बारा लिहिले असते तर काय झालं असतं, हे दुसऱ्या दिवशी मी स्वतःशी मांडून पाहिलं. साहेबांनी त्याच दिवशी सही केली असती. सामान कमी पडलं असतं. गावानं आपल्या घरातलं काढून घातलं असतं. शेत वाचलं असतं. भाऊंनी हे आदल्या रात्रीच मांडलं असणार.

त्यानंतर त्यांच्या दोन गोष्टी सुरू झाल्या. एक, दर रविवारी ते मावशीच्या शेतात जायला लागले. शेतातला खार घालवायचा असेल तर पावसाचं गोडं पाणी शेतात कोंडून ठेवायचं आणि ओहोटीला बांधातल्या झडपेतून बाहेर सोडायचं, पुन्हा कोंडायचं, पुन्हा सोडायचं. दोन पावसाळे भाऊंनी ते केलं. मावशी त्यांना चहा द्यायची, पण खूप दिवस बोलायची नाही. “चहात साखर असते,” भाऊ मला सांगायचे, “म्हणजे अगदीच तोडलेलं नाय.”

दुसरी गोष्ट म्हणजे यादी. गेल्या काही वर्षांच्या मदतीच्या सगळ्या फाइली त्यांनी खाली काढल्या आणि मला प्रत्येकीचा तक्ता करायला सांगितला. खांड कधी पडली, किती हात होती, रेघेच्या आत की बाहेर, सही किती भरत्यांनी आली, तेव्हा किती हात झाली होती. मी दुपारच्या सुट्टीत ते करत बसायची. भाऊ शेजारी डबा उघडून जुनं अक्षर वाचून दाखवायचे. डब्यात बहुतेक वेळा सुकट आणि तांदळाची भाकरी. ते अर्धी भाकरी न विचारता माझ्या झाकणात ठेवायचे. आमच्या घरी सुकट होत नसे. मी आधी नुसती भाकरी खायची, मग हळूहळू सगळंच.

तक्ता पुरा झाला तेव्हा तो न बोलताही बोलत होता. रेघेच्या आतल्या खांडी फार तर दुप्पट होऊन आवरल्या होत्या. रेघेबाहेरच्या एकूण एक हाताबाहेर गेल्या होत्या. फक्त एक फाईल त्यात नव्हती. बारा हातांची चाळीस लिहिलेली. ती भाऊंनी मला दिलीच नव्हती. मी विचारलं तेव्हा म्हणाले, ती वेगळी आहे, ती राहू दे.

तक्ता त्यांनी वर पाठवला. उत्तर आलं नाही. पुन्हा पाठवला. आमचे साहेब भले माणूस होते. त्यांनी सांगितलं, भाऊ, रेघ वर सरकवून दुप्पट करा असा प्रस्ताव लिहा, तो कदाचित मान्य होईल. भाऊ नाही म्हणाले. रेघ दुप्पट केली की तीस हातांची खांड आत येईल आणि एकतीस हातांची बुडेल, एवढाच फरक. त्यांना उधाणात रेघच नको होती. कचेरीत लोक म्हणायला लागले की भाऊंना आता निवृत्तीपूर्वी पुतळा हवाय.

तिसऱ्या वर्षी वरच्या कचेरीत मोठ्या साहेबांच्या जागी नवीन मॅडम आल्या. पावसाच्या आधी त्या तालुक्याच्या बैठकीला पेणला येणार होत्या. आमच्या साहेबांनी भाऊंना सांगितलं की तुम्हाला पाच मिनिटं देतो, पण बांबू आणायचा नाही. भाऊंनी बांबू बैठकीच्या दाराबाहेर उभा केला.

कागदांचे गठ्ठे लावण्याचं काम माझं होतं. आदल्या संध्याकाळी मी भाऊंच्या कपाटातून ती फाईल काढली. मला माहीत होतं की त्यांना ते आवडणार नाही. पण मी तो तक्ता इतक्या वेळा वाचला होता की मला दिसत होतं, बाकी सगळ्या फाइली मिळून जे सांगत होत्या ते ही एकटी सांगत होती. तीच खांड, तीच माती, तेच उधाण. फक्त कागदावर आकडा कोणता लिहिला यावर शेत तरणार की बुडणार हे ठरलं होतं. मी तिच्या पहिल्या पानाची, भाऊंनी बारापासून चाळीसपर्यंत हिशेब मांडलेल्या कागदाची, प्रत काढली आणि सगळ्यात वर लावली. भाऊंना विचारलं नाही. विचारायला बोलावं लागलं असतं.

बैठकीत मॅडमनी गठ्ठा उघडला. वरचं पान वाचलं, परत वाचलं.

“हे अक्षर कोणाचं?”

भाऊ वाकून पाहायला गेले आणि तसेच थांबले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी स्टेपलरकडे पाहत होते.

“माझं,” ते म्हणाले.

“बारा हात मोजली आणि चाळीस लिहिली?”

“व्हय.”

त्यांनी का, ते सांगितलं. नेहमी ते फार बोलायचे, आजोबांच्या काळापासून सुरू करायचे. त्या दिवशी चारच वाक्यं बोलले. शेवटचं असं: “मी बारा लिवले असते तर एका बाईचं शेत वाचलं असतं. मी खरं लिवलं, म्हणून बुडालं.”

 मॅडमनी विचारलं, मर्यादा दुप्पट केली तर? भाऊंनी नकारार्थी मान हलवली. मग मॅडमनी तो प्रश्न विचारला जो मीही मनात अनेकदा विचारला होता. मर्यादा काढून टाकली आणि कुणी पैसे खाल्ले, तर जबाबदार कोण?

“मी,” भाऊ म्हणाले. “आणि मी खाल्ले तर मला धरायला तुमच्याकडं वर्षभर हाय. खांड धरायला दोन भरत्या असतात.”

मॅडम हसल्या नाहीत. तुमच्या ऐवजी दुसरा कुणी असेल तेव्हा काय, असं त्यांनी विचारलं. तेव्हा मात्र भाऊ आजोबांच्या काळात गेलेच. पूर्वी खांड पडली की गावात हाळी दिली जायची आणि घरटी एक माणूस बांधावर यायचा. काय लागेल ते तिथंच उभं राहून ठरायचं. चिखलाच्या गोण्या हातोहात पुढं जायच्या, अजूनही जातात, आणि रांगेत उभ्या असलेल्या बायकांना किती गोण्या आल्या ते तोंडपाठ असतं. कागद नंतर करा, पण किती सामान आलं ते गावात फळ्यावर लिहा आणि त्याच बायकांना वाचून दाखवा. त्यांच्यासमोर दहाच्या वीस गोण्या करून दाखवणारा अजून जन्माला यायचाय.

मॅडमनी हे लिहून घेतलं. बैठक पुढच्या विषयावर गेली.

भाऊ माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. फोन मात्र उचलत राहिले. तिसऱ्या दिवशी डबा उघडला, अर्धी भाकरी माझ्या झाकणात ठेवली आणि म्हणाले, “गोड्या पान्याची मानसं वरून दिसतात त्यापेक्षा खोल असतात.” मी तो कौतुकाचा शब्द समजले. अजूनही तसंच समजते.

पाऊस सुरू व्हायच्या आधी आदेश आला. आपत्तीच्या कामात जागेवरच्या अधिकाऱ्यानं खर्च तिथंच मंजूर करावा, त्याला रकमेची मर्यादा राहणार नाही. कागदपत्रं सात दिवसांत पूर्ण करावीत. सामानाचा फलक गावात लावावा. भाऊंनी तो तीनदा वाचला. मग कुरकुरले, सात दिवसांऐवजी चौदा भरत्या लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं.

त्या वर्षी मावशीच्या शेतात पुन्हा लावणी झाली. तांबडा भात, थोडा खार सोसणारा. मी पेणमध्येच, रामवाडीत खोली घेऊन राहत होते, म्हणून नारळी पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी पहाटे भाऊंचा फोन आला तेव्हा मला लगेच निघता आलं. तो मी उचलला, पण बोलायची वेळ आली नाही. तेच म्हणाले, “मावशीच्या बांधाला फुटलं. फाईल घे, छत्री घे.”

आम्ही पोहोचलो तेव्हा ओहोटी सुरू होती आणि नीट उजाडलं होतं. जुन्या जागेपासून थोड्याच अंतरावर बांध फुटला होता. आतल्या पहिल्या दोन-तीन खाचरांत मळकट पाणी पसरलं होतं. त्यात मावशीचं खालचं खाचर होतं. वरचं अजून हिरवं दिसत होतं. मावशी मधल्या बांधावर उकिडवी बसली होती.  दुपारी दोनच्या सुमारास पुढची भरती येणार होती, वद्य द्वितीयेची, त्या पंधरवड्यातली सगळ्यात मोठी. तोवर खांड बंद झाली नाही तर वरचं खाचरही गेलं, आणि या वयात ती पुन्हा दोन-तीन वर्षं शेत धुऊन निघायची वाट बघणार नाही हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. पनवेलचा जावई तिला न्यायला निघाला आहे, असं कुणीतरी म्हणाल्याचं मी ऐकलं.

गावातली माणसं जमली होती. हमरापूरच्या गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यांत प्लास्टरच्या रिकाम्या गोण्यांचे ढीग पडून असतात. भाऊंनी घरून निघतानाच फोन केले होते आणि तिथून एक टेम्पो निघालाही होता. त्यांनी बांबू घेतला, हाफ पँटवर खांडीत उतरले आणि मोजून वर आले. अकरा हात.

साहेब आले. बांधावरून गाडी येत नाही, म्हणून बूट हातात घेऊन चालत आले. त्यांनी आदेशाची प्रत वाचली, खांडीकडे पाहिलं, पुन्हा प्रत वाचली. मग मला म्हणाले, “असं करू, वर एकदा विचारून घेऊ. नंबर लाव.”

मी फोन हातात घेतला. रेघ गेली होती, पण इतकी वर्षं तिच्या आत राहिलेल्या माणसाचं पाऊल तिथं आपोआप अडत होतं. साहेबांना भीती वाटत होती आणि ती मला अगदी ओळखीची वाटली. मी नंबर लावला नाही. आदेशाचं दुसरं पान वर काढून त्यांच्यासमोर धरलं, ‘जागेवरच्या अधिकाऱ्यानं’ या शब्दांखाली बोट ठेवून. एवढंच मला जमलं.

तेवढ्यात कडेच्या मातीचा एक मोठा डिखळा सुटून खांडीत पडला. साहेबांच्या पायापासून वीतभर अंतरावर.

“बारा,” भाऊ म्हणाले.

साहेबांनी पेन मागितलं. माझ्या तळहातांवर फाईल ठेवून लिहायला लागले आणि थांबले. “किती हात लिहू, भाऊ?”

  भाऊंनी मावशीकडे पाहिलं.

“आकडा नका लिवू, साहेब,” ते म्हणाले. “‘खांड बंद होईपर्यंत’ असं लिवा.”

साहेबांनी तसंच लिहिलं आणि खाली सही केली.

पुढचे चार तास मी गोण्यांच्या रांगेत होते. फाईल पिशवीत घालून गळ्यात अडकवली होती. माझ्या पुढची बाई मला प्रत्येक गोणीला “धर गो” म्हणायची आणि मागची आकडा म्हणायची. तळहात सोलले. मेखा ठोकल्या, पेंढा दाबला, गोण्या रचल्या, वर खाडीतला निळा चिखल. एकदा मधली रांग वाहून गेली आणि सगळ्यांचे हात थांबले. भाऊ पाण्यात छातीपर्यंत उभे राहून ओरडत होते की टेम्पो अजून एक येतोय, हात आखडू नका, आज सामान संपणार नाही. हे मी आमच्या कचेरीच्या माणसाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

बाराच्या आत काम झालं. मग सगळे बांधावर बसले आणि पाणी चढायला लागलं.

भाऊ बसले नाहीत. पाणी नव्या मातीला लागलं, वर आलं, गोण्यांमधून दोन ठिकाणी पाझरलं. तिथं माणसं धावली, चिखल थापला. पाणी आणखी चढलं. दोन वाजून गेले. पाणी बांधाच्या माथ्यापासून चार बोटं खाली येऊन थांबलं, बराच वेळ तिथंच हललं, आणि मग ओल्या मातीवर त्याची वरची खूण उघडी पडायला लागली. उतरत होतं.

मावशी उठली. वरच्या खाचरात उतरली, रोपांच्या मुळाशी हात घालून ओंजळभर पाणी काढलं आणि तोंडात घेतलं. थुंकली. मग कडेनं दुसऱ्या कोपऱ्यात गेली, तिथलं घेतलं. आम्ही सगळे पाहत होतो. पनवेलचा जावई तोवर येऊन पोहोचला होता. तोही पँट वर करून पाहत होता. भाऊ तिच्याजवळ जायला निघाले आणि मध्येच थांबले.

तिनं मला खुणेनं बोलावलं. मी खाली उतरले.

“तू चाखून सांग,” ती म्हणाली. “माझी जीभ खाऱ्याची हाय. भाऊची पन. आमचं काय खरं नाय.”

मी ओंजळ तोंडाला लावली. मला खोटं बोलावंसं वाटलं, पण तिच्यासमोर ते चाललं नसतं. म्हटलं, “थोडं खारट आहे, मावशी.”

“किती? मिठाच्या पान्यागत, का आमटीगत?”

मी विचार केला. “आमटीपेक्षा कमी.”

तिनं रोपांकडे पाहिलं. मग वळून बांधावरच्या भाऊंना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, “तेवढं भाताला सोसतं रे. घरी ये, चहा टाकते.” आणि जावयाला म्हणाली, भात झोडून झालं की येते.